वायर काढली तरी उत्तर आलं

१

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक होतं. अर्धा चमचा द्यायचा, तिथं दीड चमचा लिहिलं गेलं होतं. नशीब थोर म्हणून छापायच्या आधी औषध कंपनीतल्या कुणीतरी ते वाचलं आणि फोन केला. त्यानंतर भाषांतराच्या त्या छोट्या ऑफिसात काय आरडाओरडा झाला ते मी पाहिलं नाही. मी पोचलो तेव्हा जो तो आपापल्या टेबलाशी मान खाली घालून बसला होता आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी नेटवर्कवाला. वायरी ओढतो, सर्व्हर बसवतो, बिघडलं की येतो. सगळं सुरळीत असताना मला कुणी बोलवत नाही, त्यामुळे सगळी दुनिया कायम वैतागलेलीच असते, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे.

या ऑफिसचा सर्व्हर मी नुकताच नव्या मशीनवर हलवला होता. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणारं एक मशीन, बाकी काही नाही. जुनं पार खटारा झालं होतं. त्यातलं सगळं नव्यात भरलं, जुन्याचा नंबरही नव्याला दिला, म्हणजे बाकीच्यांना आपापल्या टेबलावर काही बदलायला नको. मशीनचा नंबर म्हणजे घराचा पत्ता समजा. घर नवं, पत्ता तोच.

"या, नेटवाले," साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. "काकूंनी तपासताना ही चूक दुरुस्त केली होती. दुरुस्ती कुणीतरी काढून टाकली, आणि मी सकाळी तीच फाइल तशीच पुढे पाठवली. हे पहिल्यांदा नाही. नवं मशीन आल्यापासून काकूंच्या दुरुस्त्या रोज गायब होतायत."

"मग मशीन तपासतो ना."

"मशीनचं सोडा. दुपारी ते अधूनमधून अडकतं, ते नंतर बघा. हे माणसाचं काम आहे. धाकटीचं. काकूंनी तिच्या भाषांतराला हात लावला की तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात, हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. संध्याकाळी तिला कायमची घरी पाठवतोय. आणि ओळखीच्या सगळ्या ऑफिसांना कळवतोय, की ही मुलगी औषधाच्या मात्रेशी खेळते. तुम्ही फक्त मशीनमधून पुरावा काढून द्या."

माझं डोकंच फिरलं. मला वायरी कळतात, माणसं पकडायचं काम मी करत नाही. पण नाही म्हटलं असतं तरी त्या मुलीची संध्याकाळ काही टळणार नव्हती.

२

मुद्रितं तपासणाऱ्या काकू मागच्या खोलीत एकट्या बसायच्या. पूर्वी सर्व्हर याच खोलीत होता. नवा मी पुढच्या दालनातल्या कपाटात बसवला होता. खोलीला एक खिडकी, तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. टेबलभर सुटे कागद पसरलेले, एकही जागचा हलत नव्हता. कोपऱ्यात चौकड्यांचं कापड टाकलेलं काहीतरी बुटकं होतं आणि त्यावर शब्दकोशांची चळत. पंख्याची घरघर चालू होती, म्हणून काकू जरा मोठ्यानंच बोलत होत्या.

"बसा भाऊ. तो कागद तेवढा सरळ करा, तिरका झालाय."

मी कागद सरळ केला. काकूंचं सगळं असं. लाल पेन पट्टीला समांतर, पट्टी टेबलाच्या कडेला समांतर.

"मी काही कुणाचं वाईट चिंतणारी बाई नाही," त्या म्हणाल्या. "पण रोज दुपारी मी दुरुस्त करते आणि रोज सकाळी ते पुन्हा चुकलेलं असतं. दुपारी उघडलं तर दुरुस्ती जागेवर, सकाळी उघडलं तर नाही. म्हणजे मी गेल्यावर किंवा यायच्या आधी कुणीतरी हात मारतंय. आणि सकाळी किल्ली कोणाकडे असते, विचारा साहेबांना."

"धाकटीकडे?"

"सगळ्यांच्या आधी येऊन बसते. का येतेस म्हटलं तर सांगत नाही. आता तुम्हीच काय ते समजा." त्यांनी आपला पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, आत्ताच मी पुन्हा दुरुस्त करून ठेवली."

मी वाचलं. अर्धा चमचा. स्वच्छ, डोळ्यांसमोर.

मी पुढच्या दालनात आलो, कपाट उघडलं आणि थेट सर्व्हरवरच ती फाइल उघडली. दीड चमचा. शेवटचा हात धाकटीचा, तोही काल सकाळचा. काकूंनी आज हात लावल्याची तिथं खूणसुद्धा नव्हती.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खोली ओलांडायला मला कितीसा वेळ लागला असेल? आणि ज्या मुलीवर आळ होता तिचं मशीन साहेबांनी सकाळपासूनच बंद करून ठेवलं होतं.

३

धाकटी तिच्या बंद पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिशीचीही नसेल. तिच्याआधी इथं एक थोरल्या अनुवादक बाई होत्या, त्या निवृत्त झाल्या, पण हिचं नाव धाकटीच राहिलं.

"माझ्याविरुद्ध पुरावा काढायला आलात ना?" ती म्हणाली. "काढा. पहिल्या खर्ड्यात दीड मीच लिहिलं. चूक माझी. थकले होते, घसरलं. पण काकूंनी सुधारलेलं मी परत कशाला चुकवीन? लहान मुलांच्या घशात जायचं ते औषध!"

"भांडता म्हणे तुम्ही त्यांच्याशी."

"शब्दावरून भांडते. समोर उभी राहून भांडते. पाठीमागून नाही." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आमच्या धंद्यात नावावरच काम मिळतं हो. मात्रेत खोडसाळपणा करते असं एकदा नावाला चिकटलं, तर उद्या मला लग्नाच्या पत्रिकेचंसुद्धा भाषांतर कुणी देणार नाही."

"मग एवढं सांगा, सकाळी इतक्या लवकर का येता?"

तिनं बंद पडद्याकडे तोंड फिरवलं. मी उठायला लागलो, तेव्हा बोलली. "साहेबांना सांगू नका. मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. सकाळी जाग येते आणि बोलायला भिंती. इथं आलं की निदान खालच्या मजल्यावरची माणसं ये-जा करताना दिसतात. बस, एवढंच. हे कारण म्हणून सांगायचं तर हसतील सगळे."

मला हसू आलं नाही. माझ्या घरी मी सकाळी निघताना रेडिओ चालू ठेवून निघतो, संध्याकाळी कुलूप उघडताना आत कुणीतरी बोलत असावं म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि तिलाही सांगितलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून घुम्यानं हात वर केला. हा दुसरा अनुवादक. कानात इअरफोनची बोंडं घालून दिवसभर काम करतो, महिन्यात चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्यानं आत्ता खर्च केलं.

"अहो, इकडे या. मेलेली फाइल परत आलीय."

४

त्याच्या पडद्यावर एका जुन्या कराराचा मसुदा होता.

"हा मी नवं मशीन आल्यावर पुसला होता," घुम्या म्हणाला. "सकाळी नव्हता. आत्ता आहे. याआधी पण असं झालंय, मला वाटलं मीच पुसायला विसरलो."

"नेहमी दुपारीच?"

"जेवणानंतर. तेव्हाच नेटवर्क पण झटके खातं. मध्ये एक दिवस दुपारी काहीच झालं नाही. लक्षात आहे, कारण त्या दिवशी काकू रजेवर होत्या आणि मी पहिल्यांदा गाणी बोंडांशिवाय ऐकली."

एवढं बोलून त्यानं बोंडं परत कानात घातली. मी मात्र तिथंच उभा राहिलो. सकाळी सगळं ठीक. दुपारी दुरुस्त्या दिसतात, पुसलेलं परत येतं. माणूस पुसू शकतो, बदलू शकतो. पण पुसलेलं दुपारपुरतं जिवंत करून सकाळी परत मारून टाकणारा माणूस मला काही सुचेना.

मी घुम्याच्याच मशीनवरून सर्व्हरच्या नंबरला हाक मारली. आमच्या कामात तशी सोय असते. आपण नंबरला विचारायचं, आहेस का? तो म्हणतो, आहे. उत्तर आलं. मग मी कपाटाशी गेलो आणि नव्या सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटून हातात घेतली. आता कितीही हाका मारल्या तरी तिकडून शांतता हवी.

परत येऊन हाक मारली.

आहे.

पुन्हा मारली. आहे.

मी हातातल्या वायरीकडे बघितलं. सर्व्हर जगापासून तोडलेला होता आणि त्याच्या पत्त्यावरून कुणीतरी शांतपणे उत्तर देत होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. एका पत्त्यावर दोघे जण राहत होते. हाक मारली की कधी हा उत्तर द्यायचा, कधी तो.

मी केबिनमध्ये डोकावलो. "साहेब, जुन्या मशीनचं काय केलंत?"

"भंगारात गेलं की. तुम्ही गेल्यानंतर लगेच. का?"

"काही नाही. पंधरा मिनिटं सगळं बंद राहील. ओरडू नका."

कपाटात एक डबा असतो, त्यात ऑफिसातल्या सगळ्या वायरी येऊन मिळतात. मी त्यातली एकेक वायर काढत गेलो आणि दर वेळी हाक मारत गेलो. साहेबांची काढली, उत्तर आलं. धाकटीची काढली, उत्तर आलं. प्रिंटरची काढली, तरी उत्तर आलं. मग एक जुनाट, पिवळी पडलेली वायर काढली आणि हाक हवेत विरली.

मी त्या वायरीच्या मागे मागे भिंतीकडेनं चालत गेलो. ती मागच्या खोलीच्या दारावरून आत शिरत होती.

५

काकू कागदावर पट्टी सरकवत वाचत होत्या. मी दारात उभा राहिलो आणि वर बघितलं. पंखा बंद होता. तो कधी चालू असणारच नाही, टेबलभर सुटे कागद असताना! तरी खोलीत घरघर चालू होती, मघासारखीच.

मी कोपऱ्यात गेलो, शब्दकोश उचलून बाजूला ठेवले आणि चौकड्यांचं कापड काढलं. जुना सर्व्हर. गरम, धुळकट, आणि मजेत चाललेला.

काकूंनी पेन खाली ठेवलं. पट्टीला समांतर नाही, कसंही.

"भंगारवाला आलाच नव्हता ना?" मी विचारलं.

"आला होता. मीच परत पाठवला. साहेबांना सांगितलं, गेलं म्हणून."

"पण कशासाठी, काकू?"

त्यांनी माझ्या हातातलं कापड घेऊन त्याची घडी घातली. मग बोलल्या त्या माझ्याकडे न बघता.

"मी या ऑफिसात आले तेव्हापासून हे इथं होतं. माझ्या शेजारी. सकाळी साहेब दुरुस्त्या समजावून घ्यायला बसतात, तोवर बरं असतं. ते जेवणानंतर आपल्या केबिनमध्ये गेले, की या खोलीत संध्याकाळपर्यंत कुणी फिरकत नाही. तरी हे घरघरत असायचं. वाटायचं, शेजारी कुणीतरी आपलं काम करतंय. तुम्ही ते बंद केलंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. घरी तर कुणी नाहीच. आमचे हे गेल्यापासून घरात चमचा पडला तरी दचकायला होतं. इथंही तेच? मला सहन होईना. म्हणून दुपारपुरतं लावायची, निघताना बंद करायची. त्यानं कुणाचं काय जातं, असं वाटलं."

"अहो, पण नुसतं लावलं असतंत तर काहीच बिघडलं नसतं! नेटवर्कची वायर कशाला जोडलीत?"

"ती भिंतीतून लोंबत होती," काकू म्हणाल्या. "टोक मोकळं. मला लोंबतं काही बघवत नाही. जिथली तिथं लावून टाकली."

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या कुणीही ती वायर तशीच लोंबकळत ठेवली असती. आयुष्यभर लोकांची सुटलेली टोकं जागच्या जागी बसवणाऱ्या बाईला ते कसं जमणार?

मी त्यांना समजावून सांगितलं. दोन मशीन, एक पत्ता. दुपारी तुमच्या शेजारचं हे मशीन चालू, म्हणून सकाळी नव्यातून उघडलेली फाइल तुम्ही दुपारी दुरुस्त करून ठेवलीत, की ती नव्याऐवजी याच्या पोटात जात होती. संध्याकाळी हे बंद, सकाळी समोर येतं ते नवं, त्यात धाकटीचा पहिला खर्डा जसाच्या तसा. तिनं काही पुसलं नाही. कुणीच नाही.

काकूंचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे ते दीड..."

"तुम्ही अर्धा केला होता. तो इथं बंद होऊन बसला."

बाहेर केबिनचं दार वाजलं. साहेबांनी धाकटीला हाक मारली. संध्याकाळची वाट न बघता त्यांनी उरकून टाकायचं ठरवलं होतं.

"भाऊ," काकूंनी माझी बाही धरली. "माझं नाव न घेता नाही का होणार? सांगा, नव्या मशीनमध्ये दोष होता. यंत्राचं वाईट कुणाला वाटतं?"

मला जमलं असतं. तसं म्हटलं असतं तर साहेब मला चार शब्द ऐकवून गप्प बसले असते. पण मनातल्या मनात त्यांनी त्या मुलीवर नजर ठेवलीच असती, आणि एक दिवस दुसरं काहीतरी निमित्त निघालं असतं.

"मी म्हणेन," मी म्हटलं. "पण तिच्या अंगाला चिकटलंय ते माझ्यानं पुसलं जाणार नाही, काकू. ते तुमच्या तोंडून आलं होतं."

काकूंनी माझी बाही सोडली.

६

केबिनमध्ये धाकटी उभी होती. साहेबांच्या हातात कागद होता. माझ्या मागून काकू आत आल्या आणि मी तोंड उघडायच्या आत बोलल्या, "साहेब, तो कागद फाडा. मुलीनं काही केलेलं नाही. केलं मी."

साहेब खुर्चीतून उठले. मी मधे पडून सांगितलं: मी वायर काढूनही उत्तर कसं आलं, घुम्याची पुसलेली फाइल दुपारीच का जिवंत होत होती, काकू रजेवर असलेल्या दिवशी सगळं कसं शांत होतं. काकूंच्या सगळ्या दुरुस्त्या जुन्या मशीनमध्ये तारखेसकट जशाच्या तशा बसलेल्या आहेत, हेही सांगितलं.

"पण ते मशीन चालू कशाला ठेवलंत तुम्ही?" साहेबांनी काकूंना विचारलं.

"करमत नव्हतं म्हणून," काकू म्हणाल्या. "आवाजासाठी."

कुणी हसलं नाही. साहेबांनी कागद फाडला आणि धाकटीकडे बघून पुटपुटले, "चुकलं माझं. कुणाला काही कळवलेलं नाही अजून."

धाकटी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती काकूंकडे बघत होती, आणि तिचे डोळे लाल झाले होते.

"तुम्ही मला तोंडावर विचारायचं तरी," ती म्हणाली. "इतके दिवस शब्दाशब्दावरून भांडलो आपण. एवढी एकच गोष्ट तुम्ही दार लावून साहेबांना सांगितलीत. मी माफ वगैरे करणार नाही, आत्ताच सांगते."

"नको करूस," काकू म्हणाल्या. "पण तू कुठं जाऊ नकोस."

धाकटी बाहेर गेली. मी जुन्या मशीनमधल्या दुरुस्त्या नव्यात भरल्या, त्याची वायर काढून टोक भिंतीतच दाबून बसवलं आणि ते धूड गाडीत टाकून घेऊन गेलो. निघताना मागच्या खोलीत इतकं शांत होतं की मला तिकडे बघवलं नाही.

काही दिवसांनी सगळं नीट चाललंय ना ते बघायला गेलो. खरं तर जायची गरज नव्हती. घुम्यानं मान हलवून सगळं ठीक असल्याची खूण केली आणि त्याचं एखादं वाक्य वाचवलं. मागच्या खोलीतून मात्र कडाक्याचं भांडण ऐकू येत होतं. मी डोकावलो. धाकटीनं आपलं टेबल आत ओढून आणलं होतं, काकूंच्या टेबलाला काटकोनात, आणि दोघी एका शब्दावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या.

"माफ केलंत वाटतं?" मी धाकटीला विचारलं.

"छे! राग आहेच," ती म्हणाली. "पण भांडायला दर वेळी कुठं एवढं चालत यायचं?" आणि ती पुन्हा काकूंकडे वळली.

काकूंनी मला बसा म्हटलं नाही. त्यांच्या लक्षातच आलं नाही.

साहेब दारापर्यंत सोडायला आले. "झकास चाललंय सगळं, नेटवाले. आता काही बिघडलं तरच तुम्हाला त्रास देऊ."

मी बरं म्हटलं आणि जिना उतरलो. खाली येऊन दोन इमारतींमधल्या बोळात लावलेल्या गाडीत बसलो, पण गाडी सुरू केली नाही. काम फत्ते झालं होतं, त्या मुलीचं नाव वाचलं होतं, आणि मला फार एकटं वाटत होतं. वर मागच्या खोलीची ती एकुलती खिडकी उघडी होती. त्या दोघी अजून भांडत होत्या, आणि शब्द कळत नव्हते तरी मी बराच वेळ ऐकत बसलो.